भांग आणि छापा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या घरातील पितळी डब्यातून चांदीचे जुने रुपये बाहेर निघतात, आणि ते रांगोळीने घासून लख्ख करण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. आजी त्यांना सरसकट ‘राणीछाप’ म्हणत असे, मग छाप दाढीवाल्या राजाची का असेना! यंदा ते पाटावर सनावळीने मांडले, तेव्हा व्हिक्टोरिया राणी डावीकडे पाहते आहे, तिचा मुलगा सातवा एडवर्ड उजवीकडे, आणि नातू पंचम जॉर्ज पुन्हा डावीकडे, हे प्रथमच ध्यानात आले. म्हणजे मायलेक एकमेकांना पाठमोरे आणि बापलेक समोरासमोर.

हा टांकसाळीतील कुणाचा लहरीपणा नव्हे. १६६० मध्ये इंग्लंडच्या गादीवर परतलेल्या दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून, नव्या राजाने नाण्यावर आधीच्या राजाच्या उलट दिशेला पाहावे, असा तिथला रिवाज आहे. तो कायदा नाही. परंतु रिवाजाला कायद्याची गरज कुठे असते?

मग सहावा जॉर्ज आपल्या वडिलांप्रमाणेच डावीकडे का पाहतो? या दोघांच्या मध्ये त्याचा थोरला भाऊ आठवा एडवर्ड जेमतेम अकरा महिने राजा होता. रिवाजाप्रमाणे त्याने उजवीकडे पाहायला हवे होते. पण आपली डावी बाजू अधिक देखणी आहे आणि केसांचा भांगही त्याच बाजूने दिसतो, म्हणून त्याने डावीकडेच पाहण्याचा हट्ट धरला. नमुन्याची नाणी तशी घडलीही, मात्र ती चलनात येण्याआधीच, डिसेंबर १९३६ मध्ये, त्याने राज्यत्याग केला. त्याच्या मुद्रेचा रुपया हिंदुस्थानात कधी निघालाच नाही. पुढे धाकट्या भावाची नाणी पाडताना, थोरल्याने जणू रीतसर उजवीकडेच पाहिले होते, असे गृहीत धरून याला डावीकडे वळवण्यात आले. हा हिशेब मला फार गमतीचा वाटतो, कारण जे नाणे बाजारात आलेच नाही, ते पुढच्या नाण्याची दिशा ठरवून गेले.

म्हणून यंदा दोन्ही जॉर्जांच्या मध्ये मी एका रुपयाएवढी जागा मोकळी सोडली होती. आई पूजेला बसली, तिने ती रिकामी जागा पाहिली आणि काहीही न विचारता तिथे एक सुपारी मांडली.