प्रत दिली होती ना?

"पण पक्षांच्या मतदान एजंटांना आकड्यांची प्रत दिली होती ना?"

जानेवारी २०२५. रात्री जेवणं उरकल्यावर नाशिकरोडच्या घरात बातम्या चालू होत्या. व्हेनेझुएलात निकोलस मादुरो तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेत होते. गळ्यात पट्टा, समोर टाळ्या. निकालावर मात्र वाद होता. बाबांनी शाल सावरत एवढंच विचारलं.

दिली होती, बाबा. २८ जुलै २०२४ ला मतदान झालं, तिथली यंत्रं आकड्यांची पावती छापतात. विरोधकांच्या कार्यकर्त्यांनी ८० टक्क्यांहून जास्त यंत्रांच्या पावत्या जमवून जाहीर केल्या. त्यांत विरोधकांचे उमेदवार एडमुंडो गोन्झालेस खूप पुढे. निवडणूक आयोगाने मादुरो जिंकल्याचं सांगितलं, केंद्रनिहाय आकडे मात्र दिलेच नाहीत. गोन्झालेस सप्टेंबरात स्पेनला गेले.

बाबा गप्प झाले. निवृत्त शिक्षक ते, कितीतरी निवडणुकांत केंद्राध्यक्ष होते. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मतदान संपल्यावर एका पक्षाचा एजंट, एक पोरगा, १७-सी म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म न घेताच निघाला होता. "राहू द्या गुरुजी, तुमच्यावर विश्वास आहे." बाबा अंधारात बॅटरी घेऊन त्याच्या मागे गेले. किती मतं पडली, त्याचा सहीचा कागद त्याच्या हातात दिला, मगच पेट्या गाडीत चढल्या.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. खरं सांगायचं तर, त्या एका कागदासाठी एवढी धावपळ का, हे मला त्या रात्री कळलं.

टीव्ही बंद करून झोपायला जाताना बाबा दारात थांबले.

"त्या पोरांनी कागद जपून ठेवले असतील ना रे?"