पेडल स्टील: कामाची पहिली वर्षं आणि सूर

पेडल स्टील म्हणजे आडवं ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायचं गिटार; पायाची पेडल आणि गुडघ्याचे लीव्हर त्याच्या तारांचे स्वर बदलतात. त्यावर कामं मिळू लागली की नवा वादक वेगाच्या मागे लागतो. बँड त्याला पुन्हा बोलावतो तो मात्र सुरासाठी. मागे वळून पाहिलं तर सुरुवातीच्या वर्षांतली बहुतेक मेहनत सुरातच गेलेली दिसते, आणि ती तिथेच जायला हवी.

नॅशव्हिलचं दहा तारांचं ई९ ट्यूनिंग पहिल्या तारेपासून असं: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. ए पेडल पाचवी आणि दहावी तार बीवरून सी शार्पवर नेतं, बी पेडल तिसरी आणि सहावी जी शार्पवरून एवर. गुडघ्याचा एफ लीव्हर चौथी आणि आठवी ईवरून एफवर चढवतो. म्हणून जी मेजर कॉर्ड तीन ठिकाणी सापडते: तिसऱ्या फ्रेटवर पेडलशिवाय, सहाव्यावर ए पेडल आणि एफ लीव्हर, दहाव्यावर ए आणि बी पेडल एकत्र.

खरी गोम पुढे आहे. ट्यूनरची सुई मधोमध आणून लावलेला गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. पियानोवर ते खपून जातं. स्टीलची आस, म्हणजे छेडल्यावर टिकणारा नाद, लांब, त्यामुळे चढ्या गंधाराची थरथर स्पष्ट ऐकू येते. म्हणून अनेक वादक ईच्या मानाने जी शार्प १४ सेंटच्या आसपास उतरवतात, ए पेडलचा सी शार्पही तितकाच, आणि एफ लीव्हरचा स्वर तर २७ सेंटपर्यंत. आता ए पेडल आणि एफ लीव्हरची कॉर्ड आपापसात शुद्ध होते, पण सगळीच्या सगळी १४ सेंट उतरलेली. उपाय बारमध्ये आहे: तो फ्रेटच्या रेषेच्या किंचित पुढे, ब्रिजकडे ठेवायचा. २४ इंची स्केलवर सहाव्या फ्रेटला हे अंतर साधारण साडेतीन मिलिमीटर भरतं, अठराव्याला त्याच्या निम्मं. हे हातात बसलं नाही तर वादक आयुष्यभर ‘सहाव्या फ्रेटवर माझा सूर का लागत नाही’ म्हणत राहतो.

डोळाही फसवतो. फ्रेट म्हणजे नुसत्या काढलेल्या रेषा, आणि बार गोल. बाजूने पाहिलं की बार रेषेवर दिसतो, प्रत्यक्षात मागेपुढे असतो. डोकं बारच्या वर आणून पाहावं. कानाने ठरवावं, डोळ्याने फक्त जागा शोधावी.

पेडल दाबलं की वाद्याची चौकट किंचित वाकते आणि न ओढलेल्या तारा काही सेंट उतरतात. आठवी तार छेडून ए आणि बी पेडल दाबा, ट्यूनर पाहा. उतार दिसला तर मोकळी ई जरा चढी लावून मधला मार्ग काढायचा.

तिसरी तार ०.०११ इंचाची, तुटायच्या बेतात ताणलेली. बी पेडलच्या प्रत्येक दाबाला ती चेंजरच्या (तारा ओढणाऱ्या यंत्रणेच्या) बोटावर त्याच जागी वाकते आणि तिथेच तुटते. तुटायची वाट न पाहता ती आधीच बदलावी, जास्तीच्या जवळ ठेवाव्यात. गाण्याच्या मध्ये तुटलीच तर ३-४-५ या तारा सोडून ५-६-८ वर यावं. सहाव्या तारेलाही तेच बी पेडल तसंच ओढतं, म्हणून पायांना काही बदलावं लागत नाही.

व्हॉल्यूम पेडल आवाज वाढवायला नाही, आस टिकवायला. छेडताना ते अर्ध्यावर, नाद विरू लागला की हळूहळू उघडायचं. प्रत्येक स्वराला पाय हलला तर वादन उसासे टाकल्यासारखं होतं.

दुसऱ्याचं वाद्य मिळालं तर आधी पेडलांचा क्रम पाहा. पेडल स्टीलवादक बडी एमन्सच्या मांडणीत डावीकडून ए, बी, सी. दुसरे वादक जिमी डे यांच्या मांडणीत उलटा.

जोडणी करताना वाद्य पेटीतच उलटं ठेवून पाय आणि पेडलबार बसवतात. पेडल वाद्याला जोडणाऱ्या सळ्यांच्या लांब्या सारख्या नसतात, त्यामुळे त्यांवर खुणा हव्यात. अदलाबदल झाली की पेडलची उंची बिघडते. सुलटं केल्यावर आधी मोकळ्या तारा खुंट्यांनी लावायच्या, मगच पेडल दाबून उजव्या टोकाच्या नायलॉन नटांनी ओढलेले स्वर. पेडल सोडल्यावर तार मूळ जागी येत नसेल, तर पुन्हा पुन्हा नट फिरवण्याआधी चेंजर आणि खुंट्यांजवळचा रोलर अडकतोय का ते तपासा. बहुधा तिथे तेलाचा एक थेंब पुरतो.