पंगतीत हात आडवा का धरते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर पंगतीत मी वाटीवर हात आडवा धरते आणि हसून वेळ मारून नेते. "अहो, श्रीखंड का नको? शुगर आहे का?" लग्नात, मुंजीत, दसऱ्याला हा प्रश्न ठरलेला. शुगर नाही, पथ्यही नाही. मला श्रीखंडाची शिसारी बसली आहे. आणि माझ्या बाजूने साक्ष द्यायला चक्क उंदीर आहेत.

मी नऊ वर्षांची होते. दसऱ्याला आम्ही कराडला आजीकडे होतो. आमच्याकडे श्रीखंडात वेलची असायची, आजीने जायफळ किसून घातलं होतं. ती चव मला नवी होती. दोन वाट्या ओरपल्या आणि लगेच चिपळूणची बस धरली. कुंभार्ली घाटात मला गाडी लागली. आईने पिशवी पुढे केली, पुढचा घाट मी त्या पिशवीतच पाहिला.

गंमत अशी की बसचा मला कधी राग आला नाही. हिरवं रेक्झिन, खडखडणारी काच, कंडक्टरची घंटा, सगळं अजून आवडतं. त्याच ताटातल्या पुरीवर आणि बटाट्याच्या भाजीवरही रोष नाही. त्या रोजच्या ओळखीच्या. केलं घाटाने, भोगलं आजीच्या पातेल्याने.

पुढे मानसशास्त्राच्या एम.ए.ला जॉन गार्सिया यांचे प्रयोग वाचले आणि वर्गात एकटीच हसले. गार्सिया म्हणजे कॅलिफोर्नियात शेतावर वाढलेला, स्पॅनिश स्थलांतरितांचा मुलगा. 1950च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत नौदलाच्या प्रयोगशाळेत ते उंदरांवर किरणोत्साराचा परिणाम तपासत होते. किरणांच्या खोलीत उंदीर नीट पाणी पिईनात. तिथल्या बाटल्या प्लास्टिकच्या, त्यामुळे पाण्याला जराशी चव. किरणांमुळे होणाऱ्या मळमळीचं खापर उंदरांनी त्या चवीवर फोडलं होतं. मग गार्सियांनी सॅकरीनचं गोड पाणी देऊन मुद्दाम करून पाहिलं, आणि 1955 साली छापलं.

खरी बहार 1966च्या प्रयोगात. उंदराने नळीला जीभ लावली की पाणी चवदार लागायचं, शिवाय दिवा लुकलुकायचा आणि टकटक व्हायची. मग काही उंदरांना आजारी पाडलं, काहींना विजेचा झटका दिला. आजारी पडलेल्यांनी चवीचं पाणी सोडलं, पण दिव्या-आवाजाचं बेचव पाणी खुशाल प्यायले. झटका खाल्लेल्यांचं बरोबर उलटं. म्हणजे पोट बिघडलं की संशय जिभेवर, कातडीला लागलं की डोळ्या-कानांवर.

आपल्याकडे दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. नीट बघा, तो ताक पितोच, नुसता फुंकतो. दुधाची शिसारी त्याला बसत नाही, कारण पोळणं हे पोटाचं दुखणं नव्हे.

तेव्हाच्या पंडितांना हे पचलं नाही. कुठल्याही खुणेची कुठल्याही परिणामाशी गाठ बसते, पण दोन्हींत काही सेकंदांहून जास्त अंतर नको, असा त्यांचा दंडक. इथे चव आणि मळमळ यांत तासाभराचं अंतर पडलं तरी उंदीर शिकत होते. नामवंत नियतकालिकांनी गार्सियांचे निबंध परत पाठवले. मला ते पटवून द्यायची गरजच नव्हती. जेवण ते घाट हा हिशोब माझ्या पोटाने कधीच मांडला होता.

शेतकऱ्यांना तर हे केव्हाचं ठाऊक. काका उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड लावायचा, पण आधी दोन-तीन दिवस बिनविषाचा भरडा तेल लावून ठेवायचा. विचारलं तर म्हणायचा, "एकदम औषध ठेवलं तर चाखून बघतात, दुखलं की परत तोंड लावत नाहीत."

"पण आता कारण कळलंय ना, मग खा की!" हाही प्रश्न येतो. कळून काही होत नाही हो. 1978 साली सिअ‍ॅटलच्या मानसशास्त्रज्ञ इलीन बर्नस्टाइन यांनी कॅन्सरच्या मुलांना केमोथेरपीआधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. काही आठवड्यांनी ती मुलं ते टाळू लागली. पुढे त्यांनीच युक्ती काढली: जेवण आणि औषध यांच्या मध्ये एक अनोळखी चवीची गोळी द्यायची. शिसारी बसायचीच तर त्या गोळीवर बसू दे, वरण-भाताला धक्का नको. (वरण-भात माझा, सिअ‍ॅटलमध्ये काय खातात ते खातात.) बळीचा बकरा इतक्या सत्कारणी लागलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. घाटाच्या आधी मला कुणी एखादी विचित्र गोळी चघळायला दिली असती तर!

वहिनी हल्ली दसऱ्याला माझ्यापुरता चक्का वेगळा काढते, नुसती साखर आणि वेलची. गेल्या वर्षी त्यातला एक चमचा खाल्ला. पोटात राहिला. दुसरा मी मागितला नाही, तिने आग्रह केला नाही. जायफळाची डबी मात्र ती अजून मी स्वयंपाकघरातून बाहेर गेल्यावरच उघडते.