तोतया आणि सरस्वतीचा मुकुट

नववी 'ब'ला गणिताचा तास ऑफ मिळाला की इतिहासाचे सर वर्गात यायचे. पुस्तक उघडायचे नाहीत. टेबलावर डस्टर आपटून विचारायचे, "बोला, आज कुणाचं बंड?"

बंडं त्यांच्याकडे पोत्याने होती, पण माझ्या डोक्यात रुतून बसला तो इंग्लंडचा तोतया, लॅम्बर्ट सिम्नेल. त्याची गोष्ट सरांनी सुरू केली ती थेट आपल्या रत्नागिरीपासून. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, तरी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. मग "मीच भाऊ" म्हणणारा एक इसम उगवला. पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी त्याला कैदेत टाकला, तो रत्नागिरीच्या किल्ल्यात! १७७६ मध्ये सुभेदारानेच त्याला मोकळा केला आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले. रविवारी आम्ही जिथे करवंदं खायला जायचो तिथे तोतया राहिला होता म्हटल्यावर मागचा बाकसुद्धा गप्प.

"आता हेच इंग्लंडात बघा," सर म्हणाले. १४८३ साली बारा वर्षांचा राजा पाचवा एडवर्ड आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ लंडनच्या टॉवरमध्ये गेले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. गादीवर बसला त्यांचा काका, तिसरा रिचर्ड. 'काका' शब्द ऐकताच कुणीतरी "काका, मला वाचवा!" ओरडलं आणि वर्ग फुटला. सरही हसले. दोन वर्षांनी बॉसवर्थच्या लढाईत काका पडला, सातवा हेन्री आला. त्याचा हक्क तसा लंगडाच. त्यात, ज्यांची प्रेतं कुणी पाहिली नाहीत अशी माणसं राज्यकर्त्याला झोपू देत नाहीत, हे सरांचं आवडतं वाक्य.

अशात ऑक्सफर्डच्या एका पाद्र्याने साधारण दहा वर्षांचा, कारागिराचा पोर हाताशी धरला. हाच आपला सिम्नेल. त्याला दरबारी चालणं-बोलणं शिकवलं आणि हाच टॉवरमधल्या भावांचा चुलतभाऊ, वॉरविकचा एडवर्ड, असं उठवून दिलं. खरा वॉरविक तेव्हा हेन्रीच्याच कैदेत होता! हेन्रीने त्याला लंडनच्या रस्त्यांतून फिरवून दाखवला, तरी १४८७ च्या मे महिन्यात डब्लिनच्या कॅथेड्रलमध्ये तोतयाला राज्याभिषेक झाला. मुकुट म्हणे मेरीच्या पुतळ्यावरचा उसना आणला होता.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात सरांनी हेच नाटुकलं बसवलं. वर्गात सगळ्यांत बुटका मी, म्हणून सिम्नेल मी. मुकुट कुठून आणायचा? सर म्हणाले, "इतिहासात जसा आणला तसा." शिपाईकाकांनी कुरकुरत हॉलमधल्या सरस्वतीचा मुकुट उतरवून दिला. तो माझ्या नाकापर्यंत यायचा. अभिषेकाच्या प्रसंगी मला प्रेक्षक दिसतच नव्हते, फक्त हशा ऐकू येत होता. जून महिन्यात हेन्रीने तोतयाच्या फौजेला हरवलं ती स्टोकची लढाई आम्ही पडद्यामागे डबे बडवून उरकली. मग मी स्वयंपाकघरात. कारण हेन्रीने पोराला मारलं नाही, मुदपाकखान्यात मांस भाजायची सळई फिरवायला लावलं. पुढे तो राजाचे ससाणे सांभाळायला लागला. आपल्या कोकणातल्या तोतयाला मात्र १७७६ मध्येच पुण्यात देहान्त शासन झालं.

खऱ्या वॉरविकची भूमिका कुणालाच नको होती. एकही संवाद नाही, नुसतं रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. शेवटी ती वर्गातल्या सगळ्यांत अबोल मुलाला मिळाली. तालमीत त्याने एकदाच तोंड उघडलं. "सर, याचं पुढे काय होतं?" सर थोडे थांबले. म्हणाले, दहाव्या वर्षी कैदेत गेला आणि चोवीसाव्या वर्षी, १४९९ मध्ये, त्याचं डोकं उडवलं. पर्किन वॉरबेक नावाच्या दुसऱ्या तोतयाबरोबर कट केल्याचा आरोप ठेवून. त्याने स्वतः कधी गादी मागितली नव्हती. संमेलनाच्या रात्री तो मुलगा इतका सावकाश चालत गेला की हॉलमधली खुसखुस थांबली. माझ्या मुकुटाला जेवढा हशा मिळाला, तेवढीच त्याला शांतता. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

मुकुट दुसऱ्या दिवशी सरस्वतीच्या डोक्यावर परत गेला. त्यातले दोन लाल मणी मात्र माझ्या कंपासपेटीत राहिले होते. शिपाईकाकांनी तेव्हा उंदरांना शिव्या घातल्या.