अतिदक्षता विभागात शुश्रूषा शिकताना

परिचारिका म्हणून माझी पहिली नेमणूक अतिदक्षता विभागात झाली. तेथे नव्या परिचारिकेला सुरुवातीचे काही महिने अनुभवी सहकाऱ्याच्या हाताखाली काम करावे लागते, आणि माझ्या वाट्याला आलेल्या ज्येष्ठ सिस्टर फार कमी बोलणाऱ्या, पण बारीक नजरेच्या होत्या. व्हेंटिलेटर, औषधांचे पंप आणि तासातासाला भरायचा तक्ता हे सारे त्यांनी शिकवलेच. पण त्याआधी त्यांनी एक नियम घालून दिला, तो असा की रुग्णाला सांगितल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, मग तो शुद्धीवर असो वा नसो.

गुंगीच्या औषधाखाली असलेल्या माणसाला किती ऐकू येते, हे बाहेरून ओळखता येत नाही. बरे झालेले काही रुग्ण त्या काळातले आवाज आणि बोलणे आठवते असे सांगतात. शिवाय अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला स्थळकाळाचे भान सुटून भ्रम होणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि ती धोक्याचीही आहे. त्यामुळे प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आपले नाव सांगणे, आज कोणता वार आहे, सकाळ आहे की रात्र, आपण कोठे आहात हे सांगणे, जागा असलेल्या रुग्णाला त्याचा चष्मा आणि श्रवणयंत्र आठवणीने लावणे, रात्री दिवे मंद करणे, ही सारी उपचाराचीच कामे आहेत. ती सौजन्यासाठी केली जातात असे बाहेरच्यांना वाटते, परंतु या गोष्टी सांभाळल्या तर भ्रमाचा धोका कमी होण्यास मदत होते.

नाव सांगण्याचे महत्त्व मला केट ग्रेंजर यांच्या उदाहरणाने अधिक पटले. त्या ब्रिटनमधल्या डॉक्टर होत्या आणि त्यांना कर्करोग झाला होता. २०१३ मध्ये त्या रुग्णालयात दाखल असताना आपल्यावर उपचार करणाऱ्यांपैकी अनेक जण साधे आपले नावही सांगत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातूनच त्यांनी नाव सांगूनच बोलायला सुरुवात करण्याची मोहीम उभी केली. खाटेवर पडलेल्या माणसाला आपल्याविषयी सर्व काही माहीत असलेले अनोळखी लोक दिवसभर भेटत असतात. त्यांतल्या एकाचे तरी नाव ठाऊक असणे हा त्याच्यासाठी मोठा आधार असतो.

याच काळात ट्रेकिऑस्टॉमीची, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत बसवलेली नळी असलेले एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे होते. ते पूर्ण शुद्धीवर होते, पण नळीमुळे आवाज फुटत नव्हता. नळीतला कफ काढण्यासाठी सक्शन करावे लागे, आणि त्या काही क्षणांत रुग्णाला गुदमरल्यासारखे होते. म्हणून आधी जादा ऑक्सिजन द्यायचा आणि सक्शनची नळी आत घातल्यापासून बाहेर काढेपर्यंत दहा-पंधरा सेकंदांहून अधिक वेळ जाऊ द्यायचा नाही, असा दंडक आहे. मला वेळेचा अंदाज यावा म्हणून मी मोठ्याने आकडे मोजत असे. ते डाव्या हाताने खाटेचा कठडा घट्ट धरत, बोटांची पेरे पांढरी पडत, आणि नळी बाहेर आली की पकड हळूहळू सैल होई. एकदा सक्शनची तयारी चालू असताना त्यांनी अक्षरांचा फलक मागितला आणि त्यावर बोट फिरवून ‘मोजा’ असे दाखवले. त्रास तेवढाच होता, पण तो कधी संपणार हे आता त्यांना कळत होते. मी तक्त्यात तशी नोंद केली आणि पुढच्या प्रत्येक पाळीच्या परिचारिकेने सक्शनच्या वेळी मोठ्याने मोजले. करुणेसाठी वेगळा वेळ काढावा लागतो, ही माझी समजूत तेथे गळून पडली.

नातेवाइकांशी बोलणे मला याहून कठीण गेले. ‘सगळे ठीक होईल’ हे वाक्य ओठांवर येते, पण ते खरे नसेल तर उच्चारू नये, हे मी ज्येष्ठ सिस्टरांकडून शिकले. त्या खुर्ची ओढून शेजारी बसत, आधी नातेवाइकांना काय समजले आहे ते विचारत आणि शांतता पसरली तर ती भरून काढण्याची घाई करीत नसत. रुग्ण शेवटच्या अवस्थेत असेल तर ओल्या स्पंजने ओठ भिजवण्याचे काम सिस्टर त्याच्या मुलांच्या हाती देत, कारण हताशपणे उभ्या असलेल्या माणसाला आपल्या हातून काहीतरी घडावे असे मनापासून वाटत असते.

या कामाचा परिचारिकेच्या मनावर ताण येतोच. सतत दुसऱ्याचे दुःख झेलून मन बधिर होत जाते, आणि या अवस्थेला करुणेचा थकवा म्हणतात. मला त्यातून सावरायला पाळी संपल्यावर सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलण्याचा उपयोग झाला. पण केवळ बोलून हा प्रश्न सुटत नाही, असे माझे ठाम मत आहे. अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे एक किंवा दोन गंभीर रुग्ण असावेत असे धरले जाते, तर सामान्य वॉर्डात ही संख्या कितीतरी वाढते. पुरेशा परिचारिका न नेमता त्यांच्याकडून हसतमुख असण्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे, आणि त्याची झळ शेवटी रुग्णालाच बसते.

पुढे माझी बदली सामान्य वॉर्डात झाली. तेथे शेजारी बसायला मिळणारा वेळ फारच थोडा असतो. म्हणून मी परत कधी येईन ती वेळ प्रत्येक रुग्णाला सांगते, पाळता येईल तेवढीच सांगते, आणि मला जमणार नसेल तेव्हा दुसऱ्या सिस्टरला त्याच्याकडे पाठवते.