सी ड्राइव्ह लाल झालाय? आधी सीबीएस फोल्डर बघा

विंडोज ७ साठीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला बंद केला, तरी त्यावर चालणारी मशीन्स अजून बऱ्याच घरांत आहेत. त्यांचा सी ड्राइव्ह भरत आला की लोक त्यात आणि त्यातल्या विंडोज फोल्डरमध्ये शिरतात आणि पँथर, सीबीएस, परफलॉग्ज असली नावं बघून बिचकतात. कोणी व्हायरस समजून सगळं उडवून टाकतं. नावावर जाऊ नका. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साइज बघा. बहुतेक लॉग फोल्डर, म्हणजे विंडोजच्या कामाच्या नोंदी ठेवणारे, काही एमबींचे असतात, ते उडवून हाती काही लागत नाही.

याला मोठा अपवाद सीबीएस. ते विंडोज फोल्डरच्या आत, लॉग्जमध्ये असतं. अपडेट बसवताना आणि सिस्टिम फाइल्स तपासताना झालेल्या कामाची नोंद इथे होते. चालू फाइलचं नाव नुसतं सीबीएस. ती साधारण ५० एमबीच्या पुढे गेली की विंडोज तिला 'सीबीएस-पर्सिस्ट' आणि पुढे तारीख असं नाव देऊन बाजूला ठेवतं आणि मेककॅब नावाच्या प्रोग्रामकडून दाबून तिची छोटी कॅब फाइल बनवतं. गोची अशी, की मेककॅबला २ जीबीपेक्षा मोठी फाइल झेपत नाही. लॉग एकदा त्यापुढे गेला की काम अर्ध्यावर फसतं, अर्धवट फाइल विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये पडून राहते आणि काही वेळाने तोच प्रयत्न पुन्हा होतो. टेम्पमध्ये 'कॅब' आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या, प्रत्येकी शंभरेक एमबीच्या फाइल्सची रांग दिसली तर दुखणं हेच. नुसतं टेम्प रिकामं केलंत तर थोड्या दिवसांत पुन्हा भरेल, कारण मूळ मोठा लॉग जागेवरच आहे.

म्हणून दोन्हीकडे हात घालावा लागतो. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा, यादीत 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' चालू असेल तर ती थांबवा. टास्क मॅनेजरमध्ये सगळ्या युजर्सच्या प्रोसेसेस दाखवायला सांगा आणि मेककॅब चालू दिसला तर तोही बंद करा. मग सीबीएस फोल्डरमधल्या पर्सिस्ट नावाच्या फाइल्स आणि टेम्पमधल्या त्या कॅब फाइल्स काढा. शिफ्ट दाबून डिलीट करा, नाहीतर त्या रिसायकल बिनमध्ये जाऊन तेवढीच जागा अडवतील. ही सर्व्हिस गरज पडली की आपोआप सुरू होते, मुद्दाम चालू करायला नको. सिस्टिम फाइल्सची तपासणी नुकतीच केली असेल, तर चालू सीबीएस लॉगची प्रत आधी दुसरीकडे ठेवा. कोणती फाइल दुरुस्त झाली नाही ते त्यातच लिहिलेलं असतं.

परफलॉग्ज बहुधा रिकामंच असतं. पँथरमध्ये विंडोज बसवतानाच्या नोंदी असतात, असू द्यात.

डी ड्राइव्हवर आकडे आणि ए ते एफ अक्षरांची खिचडी असलेलं लांबलचक नावाचं फोल्डर दिसलं तर तो अपडेटचा उष्टा पसारा असण्याची शक्यता मोठी. अपडेट उलगडायला विंडोज अनेकदा सर्वात जास्त जागा असलेला ड्राइव्ह निवडतं आणि मागचं आवरायचं विसरतं. मशीन रीस्टार्ट करा, अपडेट चालू नाही याची खात्री करा, आणि काढून टाका.

विंडोजच्या आतल्या इन्स्टॉलर फोल्डरला मात्र हात लावू नका. त्यातल्या फाइल्सची नावंही अशीच अगम्य, पण ते लॉग नव्हेत. त्या गेल्या की बसवलेले प्रोग्राम काढताही येत नाहीत आणि अपडेटही होत नाहीत.

राहिल्या सिस्टिम ३२ च्या आत, विनईव्हीटीमधल्या इव्हेंट लॉगच्या फाइल्स. त्या डिलीट करायला गेलात तर 'फाइल वापरात आहे' असं उत्तर येतं. करायचीही गरज नाही, कारण सिस्टिम, ॲप्लिकेशन आणि सिक्युरिटी या मुख्य लॉगना मूळ सेटिंगमध्ये प्रत्येकी २० एमबीची मर्यादा असते आणि भरले की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. उलट त्या इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजमधल्याच प्रोग्राममध्ये वाचा. सिस्टिम लॉगमध्ये ४१ क्रमांकाची नोंद म्हणजे मशीन नीट बंद न होता थांबलं. लाइट गेल्याच्या वेळेशी ती जुळली तर ठीक. लाइट असतानाही येत असेल तर पॉवर सप्लाय तपासून घ्या. 'डिस्क'कडून आलेली ७ क्रमांकाची नोंद, म्हणजे बॅड ब्लॉक (डिस्कचा खराब झालेला भाग), दिसली तर साफसफाई राहू द्या आणि फोटो आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा.