पहिली-दुसरीचा विज्ञान मेळावा

आमच्या चिपळूणच्या शाळेत वर्षाकाठी दोन मोठे कार्यक्रम होतात. डिसेंबरात स्नेहसंमेलन आणि २८ फेब्रुवारीला पहिली-दुसरीचा विज्ञान मेळावा. संमेलनाला पटांगणात पाय ठेवायला जागा नसते. मुलांच्या मामा-मावश्या खेर्डी-सावर्ड्याहून येतात, मोबाइल उंच धरून शेवटपर्यंत उभ्या राहतात. मेळाव्याला मात्र मागच्या दोन-तीन रांगा रिकाम्या दिसतात. आयांची गर्दी बऱ्यापैकी असते, वडील बोटांवर मोजण्याइतके. शाळेत शिकवत होते तेव्हाही मला हे लागायचं, आता निवृत्त होऊन शाळेच्या मंडळात आहे तरी लागतं. नाच बाईंनी बसवलेला असतो, गाणं आयतं असतं. मेळाव्यात पोर जे सांगतं ते त्याचं स्वतःचं असतं आणि नेमकं तेच ऐकायला घरचं माणूस नसतं.

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक हे सगळीकडे होतं तसंच होतं. पाहुणे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याविषयी बोलतात. १९२८ साली याच तारखेला त्यांचा 'रामन परिणामा'चा, म्हणजे पदार्थातून विखुरताना थोड्याशा उजेडाचा रंग बदलतो याचा शोध लागला, १९३० साली नोबेल मिळालं, १९८७ पासून हा दिवस देशभर विज्ञान दिन म्हणून पाळतात. पहिलीची मुलं तोवर चटईचे धागे उपसत असतात. एका वर्षी आमच्या दुसरीच्या बाईंनी भाषण पाच मिनिटांवर आणलं आणि सगळ्यांना खिडक्या लावलेल्या वर्गात नेलं. काचेच्या बरणीत पाणी, त्यात दुधाचे चार थेंब, आणि एका बाजूने पांढऱ्या उजेडाची बॅटरी. बाजूने पाहिलं की पाणी निळसर दिसतं, उजेडासमोर उभं राहून पाहिलं की पिवळट-तांबूस. रामन १९२१ साली बोटीने परत येत होते, तेव्हा समुद्र निळा का, या प्रश्नाने त्यांना धरलं होतं. त्यांचा शोध या बरणीच्या कितीतरी पुढचा, पण प्रश्नाची जात हीच. एक मुलगा समोरून पाहत म्हणाला, "बाई, हे गुहागरच्या संध्याकाळसारखं झालं." त्या वर्षीच्या पाहुण्यांचं एक वाक्य मला आठवत नाही, हे मात्र जसंच्या तसं आठवतं.

पूर्वी आमचा मेळावा म्हणजे थर्माकोलचे ज्वालामुखी आणि पाठ केलेली माहिती असायची. थर्माकोल बहुधा घरच्या मोठ्यांनी कापलेला असायचा. बदल झाला तो आमच्यातले काही शिक्षक पुण्याला आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत जाऊन आले त्यानंतर. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून विज्ञान शिकवायची जी वाट दाखवली, ती आमच्यासारख्या शाळेला अगदी जवळची होती. काड्यापेट्या, स्ट्रॉ, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक. एवढ्यावर मेळावा उभा राहतो हे आम्हाला तिथे कळलं.

आता टेबलं मुलांची असतात. तरंगतं-बुडतंच्या टेबलावर पाण्याने भरलेलं घंगाळ असतं. असोला नारळ तरंगतो आणि एवढीशी सुई तळाला जाते, यावर पहिलीत हमखास वाद होतो. मातीचा गोळा बुडतो. मग त्याच मातीची पातळ वाटी करून अलगद सोडली की ती तरंगते, आणि वाटी करणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. पलीकडे समुद्रावरून आणलेल्या वाळूत लोहचुंबक फिरवतात, त्याला काळे कण चिकटून येतात. स्ट्रॉचं टोक चपटं करून दोन्हीकडून तिरकं कापलं की पिपाणी होते, आणि ती वाजत असताना दुसऱ्याने कात्रीने कापत नेली की आवाज चढत जातो. हे टेबल आम्ही मुद्दाम लांबच्या कोपऱ्यात ठेवतो. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी पडलं की तो लाल होतो. एकदा तिथे एका आजीने पोरांना बाजूला सारून सांगितलं, "अरे, हळदीत चुना घातला की कुंकू होतं, आम्ही घरी करायचो." त्या आजींना आम्ही पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत बसवलं आणि त्यांच्यासाठी चुना आणून ठेवला.

मला दरवर्षी भरून येतं ते एकाच जागी. पोर टेबलामागे उभं असतं, पाठ केलेल्या दोन ओळी आठवत नाहीत, ओठ थरथरतात. मग ते समोरच्या वस्तूकडे बघतं आणि म्हणतं, "मला वाटलं होतं बुडेल, पण नाही बुडलं." माझ्या मते विज्ञानाचा पहिला धडा या वाक्यात पुरा होतो. आधी आपल्याला काय वाटलं ते लपवायचं नाही, आणि दिसलं ते नाकारायचं नाही. सहा वर्षांच्या पोराला हे जमतं. पहिलीतल्या मुलांना काय कळतं विज्ञान, असं म्हणणाऱ्यांना मी अजून काही बोलत नाही, फक्त त्या टेबलापाशी नेऊन उभं करते.

काड्या आणि व्हॉल्व्हच्या नळीचं टेबल हे माझं खास लाडकं. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरका होऊन पडतो, तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. दुसरीतल्या एका मुलीने हे करून दाखवलं आणि कुणी न विचारता वर बोट केलं. आमची शाळा कौलारू आहे. तिच्या डोक्यावर छपराची लाकडी कैची होती, सगळे त्रिकोण. "म्हणून शाळा पडत नाही," ती म्हणाली. आमच्या कैच्या दुरुस्त करणारे सुतारकाका मागेच उभे होते. त्यांनी तिला जवळ बोलावून कैचीतल्या एकेका लाकडाचं काम समजावलं, आणि पाहुण्यांचं भाषण त्यासाठी थांबलं. थांबलं ते बरंच झालं.

२०२२ चा मेळावा सगळ्यांत लहान आणि माझ्या लेखी सगळ्यांत मोठा. आदल्या जुलैत, २२ तारखेला, वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. मेळाव्याची पत्र्याची पेटी, वर्षानुवर्षं जमवलेली भिंगं, चुंबकं, काड्या, सगळं चिखलात गेलं. त्याआधी कोरोनामुळे वर्ग बंदच होते, दुसरीच्या मुलांनी शाळा धड पाहिलीही नव्हती. यंदा राहू दे, असं मंडळातही काहींचं म्हणणं पडलं. मुख्याध्यापक बाई ठाम राहिल्या. त्या वर्षी एका मुलाने घंगाळात काठी उभी केली, तिच्यावर गेरूने रेघा मारल्या आणि तांब्या-तांब्याने पाणी ओतत मोजत गेला. "प्रत्येक तांब्याला पाणी सारखंच चढत नाही," त्याने सांगितलं. घंगाळ वर रुंद होत जातं, म्हणून रेघा जवळजवळ येत होत्या, हे त्याने बरोबर टिपलं होतं. मग म्हणाला, "आमच्या भिंतीवर पण रेघ आहे, पण ती पाण्याने मारली." त्याच्या आईने पदर डोळ्यांना लावला. मीही काही वेळ टेबलापासून दूर जाऊन उभी राहिले.

एक गोष्ट जमत नाही म्हणून चुटपुट आहे. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पण पहिल्यांदा ते होतं मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला, भर पावसात. म्हणून आम्ही फेब्रुवारीतच काठी रोवून दर तासाला सावलीच्या टोकावर खडा ठेवतो.

मदत करणाऱ्यांची नावं लिहायची नाहीत असं त्यांनीच बजावलं आहे, तेव्हा कामानेच सांगते. घंगाळं भरणारे आणि दिवसभर सांडलेलं पाणी पुसणारे शिपाईमामा. पोषण आहार शिजवून झाल्यावर चुलीवरची मोठी पातेली घासून देणाऱ्या दोघी मावशी. सुतारकाका आणि त्यांचा मुलगा. पैसे न घेता मंडप घालणारे, आणि पुराच्या वर्षी स्वतःचं दुकान वाहून गेलेलं असताना खुर्च्या मागून आणून देणारे डेकोरेशनवाले. व्हॉल्व्हच्या नळ्या मीटरवर न मोजता देणारे सायकलवाले. घरचा नारळ पाठवणाऱ्या पालकांची यादी मोठी आहे, ती फलकावर लावली आहे. पुण्याला स्वखर्चाने जाऊन आलेले आमचे शिक्षक. दहावी-बारावीला गेलेली आमचीच जुनी मुलं, जी सकाळी सातला येऊन टेबलं लावतात. आणि पुरानंतर नवी भिंगं न मागता आणून देणारे चष्म्याचे दुकानदार.

यंदाही मेळावा सकाळी नऊला सुरू होईल. भाषणं साडेनऊला संपतील, हे मंडळाने ठरावात घातलं आहे. वडिलांनी अर्ध्या दिवसाची रजा काढून यावं, आणि आपल्या मुलाच्या टेबलाखेरीज निदान आणखी दोन टेबलांपाशी थांबावं. येताना रिकाम्या काड्यापेट्या आणल्या तर हव्याच आहेत.